पहिल्या ओळीतील मूल आणि गावाचा आराखडा



जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरतो आणि मुले उंचीप्रमाणे ओळीत उभी केली जातात. सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाविषयी ‘चणीने लहान’ एवढेच म्हटले जाते. पुढे ते वाचनात मागे पडले, की त्याच्यावर मंदपणाचा शिक्का बसतो. वस्तुतः त्याची कहाणी शाळेत सुरू झालेली नसते. ती मातेच्या उदरातच सुरू झालेली असते.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १,००० दिवस वाढीच्या दृष्टीने निर्णायक होत. या काळात मातेच्या अंगी रक्त कमी असले, बाळाचा वरचा आहार अपुरा पडला, किंवा दूषित पाण्याने वारंवार हगवण लागली, तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. वाढ खुंटते आणि बुद्धीच्या विकासासही बाध येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालील वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ४६ होते. २०१५-१६ मध्ये ते ३४ वर आले. परंतु २०१९-२१ मध्ये ३५ च राहिले. पहिल्या दशकात जे साधले, ते पुढे थबकले.

२०१५ पासून राज्यातील ग्रामपंचायती ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली गावाचा आराखडा तयार करू लागल्या. त्यात रस्ता व सभामंडप सहज स्थान मिळवतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. गळकी जलवाहिनी, तुंबलेले गटार, अंगणवाडीचे शौचालय आणि परसबाग मागे राहतात. मुलाची न वाढलेली उंची कोणाच्या नजरेस पडत नाही.

ती नजरेस आणून देणे शिक्षकाला शक्य आहे. मुलास अनवाणी, टाचा भिंतीस टेकवून उभे करावे व उंची नोंदवावी. सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची उंची साधारणतः ११६ सें. मी. व मुलीची ११५ सें. मी. असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. मुलगा १०६ च्या व मुलगी १०५ च्या खाली असल्यास वाढ खुंटल्याचे समजावे. एखादे मूल आईबापांवर गेल्यामुळेही ठेंगणे असू शकते; परंतु वर्षानुवर्षे अशी अनेक मुले आढळली, तर दोष गावाच्या व्यवस्थेत शोधावा. नावे न घेता केवळ संख्या, अंगणवाडी सेविकेच्या नोंदींसह, ग्रामसभेपुढे ठेवावी आणि पाणी, स्वच्छता व मातांचा आहार यांची कामे आराखड्यात प्रथम घेण्याचा आग्रह धरावा. वर्गात मात्र कोणाच्याही उंचीची चर्चा करू नये.

पहिल्या ओळीतील मुलाची गेलेली उंची बहुधा पूर्णपणे भरून येत नाही. शालेय पोषण आहार आणि शिक्षकाचा धीर यांच्या बळावर त्याचे शिक्षण मात्र निश्चित पुढे जाते. त्याचे धाकटे भावंड अजून पाळण्यात आहे. गावाचा आराखडा त्याच्यासाठी वेळेवर व्हावयास हवा.