वयात येणाऱ्या मुलांचा दम



विरार पूर्वेला, फुलपाड्याजवळ जीवदानीचा डोंगर आहे. तेराशेच्या वर पायऱ्या. नऊ वर्षांची धाकटी आणि पंधरा वर्षांचा दादा बरोबरीनं चढतात. मध्ये टेकले, की धाकटी घटकेत पुन्हा पळायला तयार. दादाची धाप अजून चालूच. लगेच कुणीतरी म्हणतं, "दिवसभर मोबाइल घेऊन बसतोस, दम कुठून राहणार?" हा बोल बऱ्याचदा त्या मुलावर अन्याय करणारा असतो.

कारण पळणं थांबलं की हृदयाच्या ठोक्यांना पहिला लगाम घालते ती व्हेगस नावाची नस. लहानपणी हा लगाम चटकन लागतो. शिवाय लहान मुलांचे स्नायू मुख्यतः ऑक्सिजनवर चालतात. ऑक्सिजनवाचून साखर जळताना बनणारं लॅक्टेट कमी साठतं, ॲड्रिनलिनही कमी उसळतं. वयात येताना स्नायूंत झटक्याची ताकद येते, ऑक्सिजनवाचून साखर जाळायची क्षमता वाढते. मग नाडी उतरायला मोठ्या माणसासारखाच वेळ लागू लागतो. हृदयही मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. म्हणून बसल्या जागी नाडी मंदावते. पूर्ण जोर लावल्यावरचा आकडा मात्र २०० च्या आसपासच राहतो. कमाल नाडीचा '२२० वजा वय' हा हिशेब या मुलांना लावू नये.

मुलींची काळजी मला जास्त वाटते. वयात येताना मुलांचं हिमोग्लोबिन टेस्टोस्टेरॉनमुळे चढतं. मुलींचं तसं चढत नाही, वर पाळीत लोह जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना ॲनिमिया आढळला. अंगात रक्त कमी असलं, की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. अशा मुलीला आणखी चार फेऱ्या मारायला लावून तिचा दम वाढणार नाही. आधी रक्त तपासा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का, तेही प्रेमानं विचारा.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती. सातवीच्या एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसरा अजून पोरसवदा. दोघांना विश्रांती एकाच घड्याळानं देऊ नका. थांबल्याबरोबर आणि मिनिटाभरानं नाडी मोजा, आणि ती त्याच मुलाच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहा.

मात्र पळता पळता कुणी बेशुद्ध पडलं, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक हृदयविकारानं गेलं असेल, तर डॉक्टरांकडून ईसीजी आणि तपासणी होईपर्यंत त्या मुलाला मैदानावर उतरवू नका.