चावी कुणाच्या खिशात?

(वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘यंत्रयुग आणि कामगारांची सुरक्षितता’ असा छापलाय. तो सेक्रेटरींनी ठरवला. एवढ्या मोठ्या विषयाला विचारवंत लागतो, मी मेन्टेनन्सचा माणूस. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मी खिशातून आणलीय. (वक्ते एक लाल कुलूप काढून टेबलावर ठेवतात.) घाबरू नका, मंडपाच्या फाटकाला लावणार नाही. (हशा)

सुरक्षा म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. म्हणून दर वर्षी त्या दिवशी बिल्ला, शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि पहिलं बक्षीस जेवणाचा डबा. पुढं जातो.

चालू यंत्राला माणूस घाबरून असतो. त्याचा घात होतो तो बंद यंत्राजवळ. साखळी तुटली, काहीतरी अडकलं, फिटर आत शिरला. बाहेरच्याला वाटतं काम झालं, तो बटण दाबतो. बटण दाबणारा काही दुष्ट नसतो. त्याला वरून ओरडा असतो आणि आत कोण आहे हे त्याला दिसत नसतं, बस. तुमच्या साखर कारखान्याचं गाळप संपलं. आता मिल उघडली असेल, रोलर बाहेर काढले असतील, बॉयलरच्या ड्रममध्ये माणसं शिरली असतील. यंत्राच्या पोटात सगळ्यात जास्त हात असतात ते याच दिवसांत. (पहिल्या रांगेकडे पाहून) मी तुमच्याच कारखान्याबद्दल बोलतोय असं नाही हं, चेअरमनसाहेब. पेंडॉल तुम्हीच दिलाय, माझ्या लक्षात आहे. (हशा)

तर हे कुलूप. दुरुस्ती चालू असताना ते बंद स्विचला घालायचं. लोकांना वाटतं, हे अमेरिकेचं फॅड आहे. मल्टिनॅशनल कंपन्यांबरोबर आलं, ‘लोटो’ म्हणजे ‘लॉकआउट-टॅगआउट’ या नावानं. अहो, आपल्या कायद्यात ते केव्हाच आलं होतं! जुन्या मुंबईच्या गिरण्या डोळ्यांपुढं आणा. खाली वाफेचं एकच इंजिन, छताला लांबलचक शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला पट्टा. यंत्राच्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या, एक दांड्याला घट्ट बसवलेली, दुसरी नुसतीच फिरणारी. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की यंत्र थांबायचं, पण वर शाफ्ट फिरतच राहायचा. आणि पट्टा थरथरत, इंच इंच सरकत, आपोआप घट्ट पुलीवर परत यायचा. कुणी बोट लावलं नाही आणि यंत्र सुरू! आता १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम २४ काढून बघा. पट्टा असा परत सरकू नये याची सोय करा, असं त्यात होतं. आणि जे साधन चुकून ‘बंद’चं ‘चालू’ होऊ शकतं, ते बंद असतानाच कुलूप घालता येईल अशी व्यवस्था करा, असंही होतं. कुलूप कायद्यात होतं, ते कारखान्यात दिसलं नाही एवढंच.

त्याच्याही मागं जाऊ. १८८१ साली आपल्याकडं पहिला कारखाना कायदा झाला. त्यानं धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती, पगाराची तारीख होती. सुट्टीची मागणी तेवढी आपल्याला आठवते, कारण १८९० मध्ये ती मान्य झाली आणि तिचा फायदा आपल्यालाही मिळाला. (हशा) पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार द्या आणि कायमचा अधू झाला तर त्याची तजवीज करा. फार मोठी मागणी, त्या काळाच्या मानानं. फक्त ती हात गेल्यानंतरची आहे. हात जायच्या आधी यंत्र थांबवून ठेवायचा हक्क कामगारानं मागावा, असे ते दिवसच नव्हते. तो मागायचा राहिलेला हक्क म्हणजे हे कुलूप, असं माझं म्हणणं आहे. कुणाला ते जास्तीचं वाटेल. वाटू दे.

कारण बघा, कारखान्यात हेल्परच्या हातात सत्ता असते किती? चहाला कधी जायचं हेही त्याला विचारून जावं लागतं. पण त्यानं आपलं कुलूप आयसोलेटरला, म्हणजे मेन स्विचला घातलं आणि चावी खिशात टाकली, की एम.डी. आले तरी मिल फिरत नाही. सगळ्यात खालच्या माणसानं सगळ्यात वरच्याला थांबवायची कारखान्यातली ही एवढी एकच जागा. म्हणूनच वरच्यांना ते कुलूप नको असतं. पैशाचं कारण सांगतात, तो प्रश्नच नाही. कुलपापेक्षा आजचा हा मंडप महाग आहे.

नियम साधा आहे. ज्याचे हात आत, त्याचं कुलूप बाहेर. कुलपाला चावी एकच आणि ती त्याच्याच अंगावर. सहा जण आत गेले तर सहा कुलपं. स्विचच्या दांड्याला भोक एकच असतं, म्हणून सहा भोकांची कडी मिळते. ती दांड्यात अडकवायची आणि तिच्यात सहाही कुलपं घालायची. सहावं निघेपर्यंत दांडा हलत नाही. आपल्याकडं काय करतात? फोरमन सगळ्यांच्या वतीनं एक कुलूप लावतो आणि चावी ड्रॉवरमध्ये ठेवतो. दोन वाजता त्याची ड्युटी संपते, आत फिटर तसाच. आणि लाल मशरूमसारखं बटण असतं ना, ते दाबलं म्हणजे वीज गेली असं समजू नका. ते नुसतं कंट्रोलचं सर्किट तोडतं, पॉवर दारात उभीच असते. म्हणून मेन स्विच पाडायचा, कुलूप घालायचं आणि मग मुद्दाम चालू करायचं बटण दाबून बघायचं. यंत्र हललं नाही तरच आत पाय टाकायचा.

आमच्याकडं एक वायरमन होते. त्यांची गोष्ट सांगायची ठरवली नव्हती, पण आता तोंडात आलीच आहे. कारखान्याचं नाव विचारू नका. ऐन हंगाम, रात्रीची पाळी. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाहून नेणाऱ्या कॅरियरची साखळी तुटली. आता इथं बसलेल्या ऊसवाल्यांना सांगायला नको, बगॅस पुढं सरकला नाही की बॉयलरला जळण नाही, मिल उभी. बाहेर बैलगाड्यांची रांग पार ओढ्यापर्यंत. दोन फिटर कॅरियरच्या पन्हाळीत उतरलेले. वायरमननं काय केलं, मोटरच्या बोर्डावरचे किटकॅट काढले. नव्या पोरांनी ते पाहिले नसतील. चिनी मातीची ती खुंटी, तिच्या पोटातून फ्यूजची तार. ओढली की हातात येते आणि बोर्डावर नुसतं भोकाड राहतं. तिन्ही फेजचे तीन किटकॅट त्यांनी रुमालात बांधले, रुमाल शर्टच्या खिशात ठेवला आणि कोपऱ्यात भाकरी सोडून बसले.

इतक्यात चीफ इंजिनिअर आले. आधी आवाज आला, मग साहेब. ‘काय चाललंय? चालू करा!’ वायरमन म्हणाले, ‘साहेब, आतली वर आली की देतो.’ साहेब भडकले. वायरमननं फक्त खिशावर हात ठेवला आणि दुसरा घास घेतला. अशा वेळी माणूस भाकरी कशी खातो, मला अजून कळलेलं नाही. (हशा) साहेबांनी फोरमनला फर्मावलं, ‘स्टोअरमधून दुसरे किटकॅट आण.’ फोरमन धावला. स्टोअरकीपर पोत्यावर आडवा झालेला. डोळे चोळत म्हणाला, ‘मागणीपत्र?’ फोरमननं मागणीपत्र भरलं. ‘सही?’ सहीसाठी फोरमन परत साहेबांकडं. सही घेऊन पुन्हा स्टोअरला. ‘जुने जमा केल्याशिवाय नवे देता येत नाहीत, नियम आहे.’ (मोठा हशा) जुने कुठं? वायरमनच्या खिशात! हे चालू असतानाच दोन्ही फिटर वर आले, अंगभर भुसा. वायरमननं भाकरी संपवली, हात धुतले आणि किटकॅट बसवले.

तुम्ही हसलात, हसण्यासारखंच आहे. पण त्या रात्री दोन माणसांचा जीव स्टोअरकीपरच्या आळसावर टांगलेला होता. साहेबांची सही आधीच असती आणि स्टोअरकीपर तरतरीत असता तर? खिशातल्या किटकॅटला स्टोअरमध्ये जोडीदार असतो, खिशातल्या चावीला नसावा. आणि आता तर किटकॅटही गेले. एमसीबी आले. छान आहेत, नाही म्हणत नाही. पण एमसीबी कुणी खिशात घालत नाही आणि येणारा-जाणारा कुणीही बोटानं वर करतो. वायरमनच्या हातचं काढून घेतलं आणि बदल्यात त्याला काही दिलं नाही, हे आपल्या प्रगतीचं...

(संयोजकांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? मला वाटलं, आत्ता कुठं सुरुवात झालीय.

बरं, मग समुद्रातली गोष्ट घाईघाईत. ब्रिटनच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८. तिथं दोन पंप होते. एका पंपाचा सुरक्षा वॉल्व्ह दुरुस्तीला काढला आणि तोंडाला झाकण लावून ठेवलं. तसा परवान्याचा कागदही केला. संध्याकाळी पाळी बदलली. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीवाल्यांना पहिल्या पंपाचा एक कागद सापडला, वॉल्व्हचा कागद दुसरीकडं होता. त्यांना वाटलं, पंप घेता येईल. त्यांनी तो घेतला. झाकणातून वायू सुटला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली. पुढं लॉर्ड कलन यांनी चौकशी केली, १०६ शिफारशी केल्या. मला त्यातली एवढीच गोष्ट दिसते, की कागद टेबलावर राहू शकतो, दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो. वॉल्व्ह काढणाऱ्या फिटरचं कुलूप त्या पंपाच्या स्विचवर असतं, तर ते कुणाला वाचावं लागलं नसतं.

(श्रोत्यांतून आवाज : आणि तो फिटर कुलूप लावून घरी गेला तर? बॉयलर बंद ठेवायचा?)

कोण बोलतंय? कारखान्यातलेच असणार. (हशा) प्रश्न बरोबर आहे, आणि दर वेळी मला हाच विचारतात. जणू आपले कामगार कुलूप लावून पळून जायलाच टपलेत! ऐका. अमेरिकेनं १९८९ साली जो नियम केला, त्यात याचं उत्तर आहे. कुलूप कापता येतं. पण आधी तो माणूस कारखान्यात नाही याची खात्री करायची, त्याला निरोप पोचवायचा होईल तितका प्रयत्न करायचा आणि तो कामावर परत यायच्या आत त्याला सांगायचं की बाबा, तुझं कुलूप काढलंय. म्हणजे कापायचा अधिकार साहेबांकडं आहेच. फक्त कापायच्या आधी साहेबांना त्या माणसाचं नाव ठाऊक असावं लागतं आणि तो कुठं आहे हे शोधावं लागतं. एवढंही जड जात असेल तर मग बोलणंच खुंटलं.

(पुन्हा आवाज) नाही, नाही, मी चिडलेलो नाही. पंखा बंद आहे म्हणून घाम आलाय.

साठलेल्या ऊर्जेवर खरं तर अख्खं व्याख्यान हवं होतं. दोन वाक्यांत सांगतो. वीज तोडली म्हणजे यंत्र मेलं असं नाही. तुमच्या मिलच्या वरच्या रोलरवर हायड्रॉलिकचा दाब असतो, तो नायट्रोजन भरलेल्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये तसाच राहतो. ऊस फाडणाऱ्या फायब्रायझरचा अवजड रोटर वीज गेल्यावरही किती तरी वेळ फिरतो. उचललेलं वजन खाली ठेवलेलं नसतं. ड्राइव्हच्या पॅनलमधले कपॅसिटर मेन पडल्यावरही भरलेले असतात. आणि ज्या कारखान्यात सहवीजनिर्मिती आहे, तिथं वीज दोन बाजूंनी येते, ग्रिडची आणि स्वतःची. एक बाजू तोडून मोकळे होऊ नका. दोन्ही बाजू तोडायच्या, कुलूप घालायचं, मग दाब सोडायचा, वजन टेकवायचं, फिरणारं थांबू द्यायचं. आत पाय त्यानंतरच.

ही एक चिठ्ठी आलीय, शेवटची घेतो. ‘ऑफ सीझनला येणारी पोरं कंत्राटदाराची असतात. त्यांची कुलपं कुणी घ्यायची?’ नाव लिहिलेलं नाही, शहाणपणा केलाय. कायद्यानं कारखान्याच्या आतली जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे कारखान्याची. कंत्राटदारावर ढकललं तर तो पोराच्या मजुरीतून कापून घेईल, हे मी तुम्हाला सांगायला नको. गेटवर पास मिळतो तिथंच कुलूप द्या, अनामत घेऊ नका. कुलपावर पोराचं नाव आणि फोटो असू द्या, म्हणजे स्विचजवळ येणाऱ्याला कळेल आत कोण आहे. चेअरमनसाहेब, खरेदी समितीची बैठक मंगळवारी आहे असं मला येताना रिक्षावाल्यानं सांगितलं. (हशा) हे कुलूप नमुना म्हणून ठेवून जातो. चावी मात्र माझ्याकडंच राहील.

(टाळ्या) सेक्रेटरी आभाराला उभेच राहिलेत. बसतो.