माझ्या मुलीचे मीठ
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागे राहून चहाफराळाचे पाहते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे उभे केले आहे. मी सातवी पास. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि पावसाळ्यात मुलीला कोण पाठवणार? तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकले तर ती चूक माझी. जिच्याकडून शिकले तिची नव्हे.

माझी थोरली मुलगी पुण्याला रसायनशास्त्रात पीएच.डी. करते हे तुम्हांला ठाऊक आहे. नेमके काय करते ते मात्र परवापरवापर्यंत मलाही ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी तिला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारले, "मुलगी एवढी वर्षे शिकते तरी काय?" मी मोठ्या कौतुकाने सांगितले, "ती मीठ वितळवते." सगळे हसले. मीही हसले. थोरली पाणी आणायला म्हणून आत गेली ती पाहुणे उठेपर्यंत बाहेर आली नाही. रात्री एवढेच म्हणाली, "आई, तू तरी हसायला नको होतंस." ते स्थळ पुढे गेले नाही, त्याचे मला काही वाटले नाही. तिचे बोलणे मात्र लागले. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना मी म्हटले, "मला शिकव. सातवीतल्या मुलीला शिकवशील तसं शिकव."

ती म्हणाली, "अगं, तू अगदीच चुकली नव्हतीस. मिठाचंच आहे. पण मी ते वितळवत नाही. ते मुळातच पातळ असतं."

आधी तिने घरातले मीठ घेतले. त्यात सोडियमचे कण धन विजेचे आणि क्लोरीनचे ऋण विजेचे. या वीज असलेल्या कणांना आयन म्हणतात. मला वाटले, नवराबायकोसारखी त्यांची जोडपी असतील. तर तसे नाही! इंग्लंडात ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांनी मिठाची रचना शोधली. एका सोडियमभोवती सहा क्लोरीन, एका क्लोरीनभोवती सहा सोडियम. कोण कोणाचे ते सांगताच येत नाही. एकत्र कुटुंबच म्हणा. सगळे सगळ्यांना इतके घट्ट धरून असतात की ते मोडून मीठ पातळ व्हायला ८०१ अंश उष्णता लागते. आपल्या तव्यावर मीठ तडतडते, वितळत नाही, ते याचमुळे.

आणि थोरलीचे मीठ बाटलीत तेलासारखे पातळ असते, विस्तवाशिवाय. शंभर अंशांच्या आत वितळणाऱ्या अशा क्षारांना आयनिक द्रव म्हणतात. पाण्याचा त्यात संबंध नाही. नुसते आयनच आयन.

हे कसे होते म्हणून तिने कागदावर चित्र काढले. धन आयन म्हणजे पाच अणूंचे एक कडे, त्याला एका बाजूला चार कार्बनांची लांब शेपटी आणि दुसऱ्या बाजूला एक लहानसा खुंट. ऋण आयन म्हणजे मध्ये बोरॉन आणि भोवती चार फ्लोरीन, गोलमटोल. मी म्हटले, "म्हणजे पळ्या आणि लाडू!" नुसते लाडू डब्यात कसे थरावर थर नीट बसतात. त्यात चार पळ्या घाला, झाकण लागेल का? थोरली म्हणाली, "हे मी उद्या आमच्या सरांना सांगते." मग लगेच दुरुस्तीही केली. पळी लाडवाला ओढत नाही, हे कण ओढतात. पण धन वीज एका टोकाला न राहता सगळ्या कड्यावर पसरलेली असते, त्यामुळे ओढ सैल पडते. रचना जमत नाही आणि ओढही सैल, म्हणून घट्ट खडा होत नाही.

असे मीठ पाउल वाल्डेन या रसायनज्ञाने १९१४ सालीच नोंदवून ठेवले होते, १२ अंशांना वितळणारे. पुढे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हवापाण्यात टिकणारी जात अमेरिकेत विल्क्स आणि झावोरोत्को यांनी १९९२ साली दाखवली, तेव्हा कुठे बोलबाला झाला. काहींनी ही द्रव्ये अगदी निरुपद्रवी म्हणून मिरवली. नव्याचे नऊ दिवस! त्यांतली काही पाण्यातल्या जीवांना बाधतात हे मागून कळले.

आता थोरलीचे खरे काम. द्रव दिसायला स्वच्छ, एकसारखा. वाटावे, आत सगळे सरमिसळ असेल. पण २००६ साली लोपेस आणि पादुआ यांनी संगणकावर गणित करून दाखवले की शेपट्या शेपट्यांजवळ गोळा होतात आणि विजेची डोकी डोक्यांजवळ जाळे करून राहतात. आपल्या हळदीकुंकवाला लांबून सगळ्या बायका एकत्र दिसतात, पण जवळ जाऊन पाहा, एका माहेरच्या एका कोपऱ्यात. मी विचारले, "मग तेलपाण्यासारखे वेगळे का होत नाहीत?" ती म्हणाली, "डोकं आणि शेपटी एकाच कणाची, आई. जाणार कुठे?" हे घोळकेही केवढे, तर मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एकदोन भागांएवढे.

ते पाहायचे कसे? संगणकात काहीशे जोड्या घालायच्या. प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येकाला किती ओढतो याचा हिशेब करून त्याला किंचित हलवायचे, की पुन्हा हिशेब. एकेक पाऊल सेकंदाच्या एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांपैकी एका भागाचे. यंत्र दिवसेंदिवस चालते तेव्हा सेकंदाच्या अब्जांश भागांची हकीकत मिळते. सुटीत घरी आली की ती तासन्तास पडद्याकडे पाहत असे, आणि मी म्हणायची, "नुसती बसलीस काय, भाजी निवड." किती वेळा म्हटले असेन, देव जाणे.

गणित खरे की खोटे ते क्ष-किरणांनी किंवा न्यूट्रॉन कणांनी तपासतात. न्यूट्रॉनांसाठी तुर्भ्याला १९८५ साली सुरू झालेली ध्रुव अणुभट्टी आहे. त्यात एक युक्ती फार सुंदर आहे. शेपटीतला हायड्रोजन काढून त्याचा जड भाऊ घालायचा. गुण जवळपास तेच, पण न्यूट्रॉनांना तो निराळा दिसतो. धोबी कपड्याला खूण करतो ना, तसे. मग गर्दीत शेपट्या कुठे आहेत ते कळते.

उपयोग काय, असे मघाशी एका बाईंनी विचारले. कापूस पाण्यात विरघळत नाही. अमेरिकेत रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अशा एका द्रवात तो विरघळवून दाखवला. कोणती शेपटी, कोणता जोडीदार घेतला म्हणजे काय विरघळेल, हे आतली रचना कळल्यावाचून कसे ठरवणार?

गेल्या महिन्यात दुसरे पाहुणे आले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. या वेळी मी डबा, पळी आणि लाडू घेऊनच बाहेर आले. मुलाचे वडील घड्याळाकडे पाहू लागले, पण मुलगा पुढे सरकून ऐकत होता. थोरली दारात उभी होती. मधे एकदा म्हणाली, "आई, खुंट राहिला." मी खुंट सांगितला. त्यांचा निरोप अजून यायचा आहे.

ही बाटली तिने आजच्यासाठी खास दिली आहे. पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. बूच कोणी उघडू नका, ते हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पोरांच्या हाती देऊ नका. हळूच आडवी करा. पाहा, गोडेतेलापेक्षाही किती संथ सरकते.