संबंधाचें माप

अमुक झालें कीं तमुक होतें, असे आडाखे आमच्या मावळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कावळ्यानें घरटें झाडाच्या शेंड्यावर बांधलें तर पाऊस बेताचा, मधल्या बेचक्यांत बांधलें तर चांगला, असें जुनीं माणसें सांगतात. हे आडाखे खरे कीं खोटे, ह्या वादांत मी आज शिरत नाहीं. दोन गोष्टींचा संबंध आहे असें म्हणतांना तो किती आहे हें मोजतां येतें काय, एवढाच माझा प्रश्न आहे. तें मोजतां येतें. त्या मापाला गुणक म्हणतात.

पदार्थविज्ञानांतला गुणक हा वस्तूचा ठाम स्वभाव सांगतो. बोरघाटांतल्या लोहमार्गाचा रूळ उन्हानें तापला कीं लांबतो. पोलादाचा प्रसरणगुणक दर अंश सेंटिग्रेडला सुमारें ०.००००१२ आहे, म्हणजे १३ मीटर लांबीचा रूळ ३० अंशांनीं अधिक तापला तर सुमारें पावणेपांच मिलिमीटर वाढतो. पोलाद सोमवारीं एक आणि मंगळवारीं दुसरें असें वागत नाहीं.

पाऊस मात्र तसा शिस्तीचा नव्हे. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार मीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सुमारें ६५ किलोमीटरांवरच्या पुण्यास तो सरासरीनें मीटरभरही पडत नाहीं. तरीही लोणावळ्यास उदंड पडला त्या वर्षीं पुण्यासही बरा पडला असेल, असें आपण सहज म्हणतों. हें म्हणणें कितपत खरें? अशा सैल संबंधांना माप देण्याची कल्पना फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनीं १८८८ सालीं इंग्लंडांत मांडली व कार्ल पियर्सन ह्यांनीं १८९६ सालीं तिला गणिताचें पक्कें रूप दिलें. हा सहसंबंध गुणक उणें एक ते अधिक एक ह्यांच्या दरम्यान असतो. दोन्ही गोष्टी बरोबरीनें वाढत असतील तर तो अधिक एकाकडे झुकतो. एक वाढतांना दुसरी घटत असेल तर उणें एकाकडे. आणि त्यांचें चढउतार एकमेकांस जुळतच नसतील तर शून्याजवळ राहतो.

१९०४ सालीं चार्ल्स स्पिअरमन ह्यांनीं दिलेली त्याची सोपी रीत तोंडींही करतां येते. कल्पनेनें पांच वर्षें घ्या. लोणावळ्याच्या पावसाप्रमाणें त्यांना पहिला ते पांचवा असे अनुक्रम द्या. पुण्याच्या पावसाप्रमाणें त्याच वर्षांचे अनुक्रम दुसरा, पहिला, तिसरा, पांचवा, चौथा असे आले असें समजा. प्रत्येक वर्षाच्या दोन अनुक्रमांतलें अंतर एक, एक, शून्य, एक, एक. त्यांच्या वर्गांची बेरीज चार; तिची सहापट चोवीस. आतां वर्षें पांच. पांचाच्या वर्गांतून एक वजा करून पांचानें गुणलें कीं एकशें वीस. चोविसांना एकशें विसांनीं भागून आलेले ०.२ एकांतून वजा केले कीं ०.८ उरतात. हाच तो गुणक.

ह्या गणिताची खरी कसोटी हिंदुस्थानच्या पावसावर लागली. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर, हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनीं १८८४ सालीं हिमालयावरील बर्फ व पुढचा पावसाळा ह्यांचा संबंध दाखविला आणि १८८६ पासून दरवर्षीं भाकितें निघूं लागलीं. पण १८९९ सालीं भाकीत चांगल्या पावसाचें आणि पदरीं आला दुष्काळ. चुकलेल्या अंदाजाची किंमत अशा वेळीं कागदावर राहत नाहीं; ती गुराढोरांच्या आणि माणसांच्या जीवांनीं चुकती होते.

१९०४ सालीं खात्याची सूत्रें गिल्बर्ट वॉकर ह्यांच्या हातीं आलीं. हे मूळचे गणिती. जगाच्या कानाकोपऱ्यांतले वायुभाराचे, उष्णतेचे व पावसाचे आंकडे जमवून, हिंदी कारकुनांच्या मदतीनें त्यांनीं शेंकडों गुणक हातानें काढविले. त्यांतून दिसलें कीं, पॅसिफिक महासागरावरचा वायुभार चढला कीं हिंदी महासागरावरचा बहुधा उतरतो. जणूं तराजूचीं दोन पारडीं. ह्याला त्यांनीं दक्षिणी आंदोलन हें नांव दिलें. पेरूच्या किनाऱ्याकडे समुद्र तापतो त्या एल निनोशीं ह्या आंदोलनाचें नातें १९६९ सालीं बियर्कनेस ह्यांनीं उलगडलें. वॉकर ह्यांच्या खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून १९२८ सालीं पुण्यास आलें. शिवाजीनगरचा तो चौक आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखला जातो.

वॉकर ह्यांची थोरवी मला त्यांच्या सावधपणांत अधिक दिसते. १९१४ सालीं त्यांनीं बजावलें कीं, पुष्कळ गुणक काढून त्यांतला मोठा तेवढा निवडाल तर फसाल. विसांत एकदां योगायोगानें घडेल एवढी कसोटी ठेवली, तर पावसाशीं कांहींएक संबंध नसलेल्या शंभर गोष्टींपैकीं पांचएक गोष्टी त्या कसोटीस उतरतीलच. शिवाय गुणकाचा वर्ग करून पाहावा. ०.६ हा गुणक भारदस्त वाटतो. पण त्याचा वर्ग ०.३६. म्हणजे पावसाच्या चढउताराचा शंभरांतला छत्तीस भाग उलगडला. चौसष्ट भाग अंधारांतच आहे. आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. लोणावळ्याच्या बाजारांत छत्र्या अधिक खपतात त्याच दिवसांत घाटांत दरडी कोसळतात. म्हणून छत्र्यांची विक्री थांबवून दरडी थांबत नाहींत. दोहोंच्या मागें पाऊस उभा आहे.

संबंध काळानुसार बदलतात, हें आणखी एक. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोळा घटकांवर आधारलेली रीत १९८८ पासून वापरांत आणली. तिनें कित्येक वर्षें साथ दिली; पण २००२ सालीं अंदाज नेहमीइतक्या पावसाचा असतां देशांत पाऊस सरासरीहून सुमारें १९ टक्के कमी पडला. उलट १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असूनही पावसानें सरासरी गांठली.

आणि गुणकाला मुलूख असतो. क्लॉड इंग्लिस ह्यांनीं मुंबई इलाख्यांतल्या पाणलोटांवरून १९३० च्या सुमारास एक हिशेब बसविला. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे ०.८५ घ्यावे, त्यांतून ३०.५ सेंटिमीटर वजा करावे, कीं ओढ्यानाल्यांनीं वाहून येणारें पाणी मिळतें. चारशें सेंटिमीटर पावसाचें सुमारें तीनशें दहा सेंटिमीटर पाणी वाहतें. वळवणचा तलाव भरतो आणि खोपोलीस १९१५ पासून वीज निघते, ती ह्याच उदारपणावर. पण तोच हिशेब देशावरच्या सत्तर सेंटिमीटर पावसाला लावला तर उत्तर येतें एकोणतीस. इंग्लिस ह्यांनींच सपाटीसाठीं दिलेल्या निराळ्या हिशेबानें येतें जेमतेम चौदा. परक्या मुलुखाचा गुणक उसना घेणाराचें धरण निम्मेंच भरेल!

वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रानें १९८७ सालीं दिलेलें इंद्रायणी भात आज आमच्या खाचरांतून डोलतें. रोपें उगवलीं, लावणीचे दिवस आले आणि आभाळ कोरडें, अशा वेळीं शेतकरी अंदाज ऐकतो तो कुतूहलानें नव्हे. त्याचें वर्ष त्यावर टांगलेलें असतें. साऱ्या देशाच्या सरासरीचा अंदाज बरोबर ठरूनही त्याचें खाचर कोरडें राहूं शकतें. म्हणून कोणींही आंकडा पुढें केला तर तीन गोष्टी विचाराव्या: किती वर्षांच्या अनुभवावरून काढला? किती आंकड्यांतून निवडला? आणि कोणत्या मुलुखाचा? कावळ्याच्या घरट्यालाही हेच तीन प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं. वर्षावर्षाची नोंद ठेवणारी एक वही आणि थोडी अंकगणिताची आवड, एवढ्या भांडवलावर शाळेंतली मुलेंही ही परीक्षा घेऊं शकतील. त्यांनीं ती घ्यावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.