कमिशनचा धंदा आणि नवशिक्यांच्या चुका
(गुहागर येथे संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन' असा विषय दिला. शिवणयंत्रापासून कोंबडीपालनापर्यंत सगळे त्यात येते. मी त्यातला एकच तुकडा उचलणार आहे, कारण अलीकडे वाड्यावाड्यांतील मुले मला त्याविषयीच विचारतात. मोबाईलवरून वस्तूची लिंक द्यायची आणि कोणी ती वस्तू घेतली की आपल्याला कमिशन मिळायचे, असा हा धंदा. त्याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. माझ्याकडे ही विचारणा येते, कारण मी टपाल खात्याच्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. दारोदार जाऊन आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करते. "काकू, तुम्हीही कमिशनवाल्याच की!" असे मुले म्हणतात. मुले म्हणतात ते बरोबरच आहे.

तेव्हा माझ्या धंद्यापासूनच सुरुवात करते. शंभर रुपयांच्या हप्त्यावर मला चार रुपये मिळतात. ते सरकार देते, खातेदाराच्या हप्त्यातून एक पैसाही जात नाही, आणि हे मी प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी सांगते. मोबाईलवरचा धंदाही मुळात असाच आहे. अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीने १९९६ साली ही पद्धत स्वतःकडे सुरू केली, तेव्हा ती मुख्यतः पुस्तके विकत असे. कंपनी तुम्हाला तुमच्या खुणेची लिंक देते. गिऱ्हाईक त्या लिंकवरून दुकानात शिरले आणि त्याने खरेदी केली, तर कंपनी तिच्या नफ्यातून तुम्हाला वाटा देते. गिऱ्हाइकाला किंमत तीच पडते. यात बेकायदेशीर काही नाही, लाज वाटण्यासारखेही काही नाही.

मग मुले फसतात कुठे? पहिल्याच पायरीवर, म्हणजे धंद्यात शिरण्यासाठी पैसे भरतात तिथे. अ‍ॅमेझॉनचे असे खाते उघडायला फी लागत नाही. परंतु आपल्याकडे कोणीतरी मित्र येतो, मोठ्या हॉटेलातल्या सभेला नेतो, पडद्यावर मोटारगाड्या दाखवतो आणि पाच-दहा हजारांचा 'कोर्स' घ्यायला लावतो. नंतर कळते की त्या कोर्समध्ये शिकवतात ते एवढेच, की हाच कोर्स पुढच्या दोघांना विकायचा. बंधूंनो, याला कोणतेही इंग्रजी नाव द्या, ही साखळी आहे. २०१०-११ साली 'स्पीक एशिया' नावाची कंपनी अकरा हजार रुपये भरून घेऊन घरबसल्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्याचे पैसे देत होती. लाखो लोकांनी पैसे भरले, आणि २०११ मध्ये पैसे मिळायचे थांबले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. तिथेही नवे सभासद आणल्याबद्दल कमिशन होतेच.

ओळखण्याची खूण मी मुलांना सांगते. उद्यापासून एकही नवा माणूस आला नाही, तर तुझे पैसे चालू राहतील का? टपाल खात्यात नवा खातेदार आला नाही तरी जुन्यांच्या हप्त्यावर माझे चार रुपये चालू राहतात. साखळीत ते त्याच दिवशी थांबतात. १९७८ च्या पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यात अशी योजना चालवणाराच नव्हे, तर तिच्यात सभासद होणाराही दोषी ठरतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम काढले, त्यांतही सभासदाकडून प्रवेश फी घेण्यास मनाई आहे. कंपनीचे मोठे नाव आणि गुळगुळीत कागद यांना भुलू नये, हे गुहागरकरांना मी काय सांगावे! अंजनवेलचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली, हे आपण दारात उभे राहून पाहिले आहे.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. मुलगा लिंक मिळाली की पहिल्या संध्याकाळी ती भावकीच्या ग्रुपवर, मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर, मामाला, आत्याला, शाळेच्या गुरुजींना पाठवतो. "ही वस्तू फार चांगली आहे, घ्याच" असे लिहितो. स्वतः ती वस्तू पाहिलेली नसते, आणि आपल्याला कमिशन आहे हेही लिहीत नाही. आत्या मुलावर विश्वास ठेवून मिक्सर मागवते. तो महिन्याभरात जळतो. आत्या भांडत नाही, पण पुढच्या वेळी या मुलाने बँकेच्या कर्जासाठी जामीन मागितला की तिला घरात काम निघते. आपल्या एका माणसाच्या ओळखी किती? दोन-तीनशे. शहरातल्या दुकानदाराला रोज नवे गिऱ्हाईक मिळते, आपल्याला तीच माणसे लग्नात, मयतीत आणि संघाच्या सभेत पुन्हा भेटतात.

कायदाही हेच सांगतो. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी पैशाचा संबंध असेल, तर तो लोकांना स्पष्ट दिसेल असा सांगावा लागतो. पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या मुलाला कोणी लगेच पकडणार नाही, हे मला कळते. पण "या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळते" एवढे एक वाक्य लिहिल्याने विक्री कमी होते, असे मुले म्हणतात तेव्हा मी विचारते, ते लपवून झालेली विक्री तुला का हवी?

तिसरी गोष्ट म्हणजे जास्त कमिशनचा मोह. मोबाईलसारख्या वस्तूवर एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी मिळते. पंधरा हजारांच्या फोनवर एक टक्का म्हणजे दीडशे रुपये, आणि गिऱ्हाइकाने फोन परत केला तर तेही गेले. याउलट शेअर बाजाराचे खाते उघडून दिले की एका खात्यामागे काहीशे रुपये मिळतात. पत्त्यांच्या जुगाराचे अ‍ॅप तर याहून उदार असत. मुलगा साहजिकच तिकडे वळतो. कंपनी एवढे पैसे कोठून देते, याचा विचार तो करीत नाही. सेबीने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शेअर बाजाराच्या वायदे व्यवहारांत दहापैकी नऊ सामान्य माणसांना तोटा झाल्याचे दिसले. पैशाच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला. जुन्या लिंका मोबाईलवर, ग्रुपवर पडलेल्या असतील त्या आज घरी गेल्यावर काढून टाका.

बारीक नियमांकडेही कोणी पाहत नाही. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी केली तर अ‍ॅमेझॉन कमिशन देत नाही. छापील कागदावरून लिंक वाटणे त्यांच्या नियमांत बसत नाही. ज्या पानावर किंवा चॅनेलवर ती द्यायची, ते आधी नोंदवावे लागते. वस्तूची किंमत हाताने लिहू नये, ती दिवसात दोनदाही बदलते. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. मुले कंपनीने फसवले म्हणून ओरडतात, पण हे सगळे करारात लिहिलेले असते. तो इंग्रजीत आहे हे खरे. मग चार मुलांनी एकत्र बसून तो वाचावा.

आता प्रश्न राहतो, विकायचे काय. माझे मत असे, की जे आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळते ते. मुंबई-दिल्लीची मुले नव्या फोनची परीक्षा आपल्यापेक्षा चांगली करतील. पण चार महिन्यांच्या पावसात कोणता रेनकोट शिवणीतून गळत नाही, पडवीला बांधलेली कोणती ताडपत्री दुसऱ्या वर्षी टिकते, वीज जाऊन दोन दिवस झाल्यावर कोणता दिवा चालू राहतो, काजूच्या बागेतले रान काढायला कोणते ग्रासकटर उताराच्या जमिनीवर धरता येते, हे तवसाळ-पालशेतच्या माणसाला कळते. ते मराठीत, स्वतः वापरून, वस्तूच्या दोषासकट सांगणारे फार थोडे आहेत. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात अनेक दिवस वीज नव्हती. तेव्हा अशी माहिती कोणी दिली असती, तर लोकांनी ती शोधून वाचली असती.

हापूसचे उदाहरण मुद्दाम देते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. एप्रिलमध्ये काही विक्रेते "रत्नागिरी हापूस" म्हणून पेट्यांची लिंक देतात आणि पेटीमागे चांगले कमिशन देऊ करतात. आंबा कोणत्या बागेचा, बागायतदार नोंदणीकृत आहे का, हे न विचारता लिंक पुढे पाठवू नका. लालबागला बसलेल्या चाकरमान्याला पहिल्या फोडीतच कळते.

हिशेबाचे एक सांगून थांबते. पहिले सहा महिने यातून चहापाण्यापुरते मिळाले तरी पुष्कळ समजावे. हातातली नोकरी, रिक्षा, मासळीचा धंदा सोडू नये. मिळालेले कमिशन हे उत्पन्न आहे, त्याची वही ठेवावी. पॅनकार्डावरील नाव आणि बँक पासबुकातील नाव एकच असावे, नाही तर पैसे अडकतात. आपल्याकडे निम्म्या मुलांच्या कागदांवर आडनावाचे स्पेलिंग वेगवेगळे आहे, ते आधी दुरुस्त करा.

भोजनानंतर मी मंडपात टपालाच्या टेबलाशेजारी बसणार आहे. ज्यांनी कोर्सचे पैसे भरले असतील त्यांनी पावती, बँकेचा उतारा आणि मोबाईलवरील निरोप घेऊन यावे. पैसे नुकतेच गेले असतील तर माझी वाट न पाहता १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन करावा. वस्तूविषयी तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.