शिशाविना रंग



 रंगाची परीक्षा पाहायला रत्नागिरीपेक्षा कठोर जागा शोधावी लागणार नाही. चार महिने मुसळधार पाऊस, वर्षभर खारा वारा. लोखंडावर बसलेले मीठ ओलावा ओढून घेते आणि रंगाच्या थरात टाचणीएवढे छिद्र असले तरी तिथून गंज धरतो. अशा किनाऱ्यावर टिकेल तेच उत्तम संरक्षक रंगकाम. म्हणूनच रंग आणि शाई उद्योगाच्या या परिषदेचा यजमान या नात्याने एक आग्रह इथेच मांडतो: औद्योगिक रंगांतून आणि शाईंतून शिसे व क्रोमेट हद्दपार करा.

घरगुती आणि सजावटी रंगांतील शिशावर आपल्याकडे 2016 च्या नियमांनी दशलक्ष भागांत 90 भाग अशी मर्यादा घातली. 1 नोव्हेंबर 2017 पासून ती लागू आहे. पूल, टाक्या, यंत्रे यांचे औद्योगिक रंग मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. कारखान्यातला रंग मुलांच्या हाती लागत नाही, असे यावर सांगितले जाते. पण तो रंग कधीतरी खरवडावा लागतो. ती धूळ खरवडणाऱ्या कामगाराच्या श्वासात जाते, त्याच्या कपड्यांवरून त्याच्या घरी जाते आणि तिथे मुले असतात. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. क्रोमेटमधले षट्संयुजी क्रोमियम तर कर्करोगकारक ठरलेलेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो जाणकारांकडून येतो. जवसाच्या तेलातला शेंदूर, म्हणजे रेड लेड, तेलातील आम्लांशी शिशाचे साबण बनवतो; ते गंज रोखतात, आणि नीट साफ न केलेल्या लोखंडावरही हा रंग बऱ्यापैकी टिकतो. हे खरे आहे. त्याच्या जागी येणारा झिंक फॉस्फेटचा प्रायमर इतका सोशिक नाही. त्याला स्वच्छ पृष्ठभाग लागतो. जस्ताच्या भुकटीच्या प्रायमरमध्ये जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते, पण त्यासाठी जस्ताचे कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकलेले असावे लागतात. वर तेल, मळ वा गंज राहिला की हिशेब फसतो. अभ्रकासारख्या चपट्या कणांचे आयर्न ऑक्साइड वरच्या थरांत घातले की पाण्याला आत शिरायला लांबचा वळसा पडतो. याचा अर्थ असा की शिशाने आजवर आपली ढिलाई झाकली. ती सफाई, ते ब्लास्टिंग आता करावेच लागेल, आणि त्याचा खर्च निविदेत धरावाच लागेल.

राहिला किमतीचा मुद्दा. झाकणशक्ती देणारा पिवळा रंग लेड क्रोमेटपासून स्वस्तात मिळतो. बिस्मथ व्हॅनाडेट महाग पडते, सेंद्रिय पिवळी रंगद्रव्ये अनेकदा पारदर्शक असतात. पण रंगद्रव्य डब्यात किती आहे यापेक्षा ते किती नीट विखुरले आहे यावर झाकणशक्ती ठरते. योग्य डिस्पर्सिंग एजंट कणांना पुन्हा गोळा होऊ देत नाही, त्यामुळे महाग रंगद्रव्याचा कण न् कण कामी येतो. उलट, रंगद्रव्याचे प्रमाण क्रांतिक मर्यादेपलीकडे गेले की राळ अपुरी पडते, थर सच्छिद्र होतो आणि पाणी आत शिरते. तेव्हा लिटरचा भाव सोडून चौरस मीटरमागे दरवर्षी किती खर्च पडला हे मोजा. लहान उत्पादकांजवळ चाचणीची साधने नसतात, ही अडचण खरी; त्यांच्यासाठी मोठ्या कंपन्यांनी आणि संस्थांनी किनाऱ्यावरच्या चाचण्यांचे निष्कर्ष खुले केले पाहिजेत.

या परिषदेने औद्योगिक रंगांनाही 90 भागांचीच मर्यादा लागू करण्याचा ठराव करावा आणि तो शासनाकडे पाठवावा, अशी स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांना विनंती करतो.