एकटीचा संघ



जुन्या स्पर्धेचा गुणतक्ता हाही इतिहासाचा एक दस्तऐवज असतो. अशाच एका तक्त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

१६ जुलै १९३२ रोजी अमेरिकेत, शिकागोलगतच्या इव्हान्स्टन येथे महिलांची राष्ट्रीय मैदानी अजिंक्यपद स्पर्धा भरली. लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी खेळाडूंची निवडही तेथेच व्हावयाची होती. डॅलसच्या एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टी या विमा कंपनीने आपला संघ पाठविला. त्या संघात खेळाडू एकच होती : कंपनीतील टंकलेखिका मिल्ड्रेड ऊर्फ बेब डिड्रिक्सन. दहांपैकी आठ प्रकारांत ती उतरली. गोळाफेक, भालाफेक, बेसबॉलफेक, लांब उडी आणि ८० मीटर अडथळा शर्यत तिने जिंकली. उंच उडीतील पहिले स्थान जीन शायलीबरोबर विभागून घेतले. तिचे एकटीचे गुण ३०. दुसऱ्या आलेल्या इलिनॉय विमेन्स अ‍ॅथलेटिक क्लबच्या २२ खेळाडूंचे मिळून गुण २२! ऑलिंपिकमध्ये तिला तीनच प्रकारांची मुभा होती. तेथे तिने दोन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळविले.

ही कथा सर्वतोमुखी झाली. परंतु त्याच निवडीतून टायडी पिकेट आणि लुईस स्टोक्स या दोन कृष्णवर्णीय धावपटूही रिले पथकात आल्या होत्या. त्या लॉस एंजेलिसला पोहोचल्या. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र त्यांना डावलून गोऱ्या मुलींना धावविण्यात आले. अमेरिकेने ती शर्यत जिंकली. १९३६ साली बर्लिनमध्ये पिकेट अडथळा शर्यतीत धावली आणि ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकी महिला ठरली. स्टोक्स बर्लिनहूनही न धावताच परतली.

यामुळे डिड्रिक्सनचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. मात्र तिच्या एकटीच्या पाठीशी एक कंपनी उभी होती. या दोघींच्या पाठीशी, त्यांना निवडणारेच उभे राहिले नाहीत. गुणतक्त्यात अन्यायासाठी रकाना नसतो. तो भरून काढावा लागतो मागाहून येणाऱ्या वाचकाला, आणि त्यासाठी जुने कागद कोणीतरी जपून ठेवावे लागतात.

शंभर वर्षे हेच काम करणाऱ्या या वास्तूत एवढीच विनंती करतो : देणगीदारांच्या फलकाबरोबर जुनी इतिवृत्तेही जपा. फलकावर न आलेली नावे तेथेच सापडतील.